साहेबाचे ओटे आणि परभणीवरची सावली

परभणीहून विजयदुर्गाला शाळेची सहल न्यायची म्हटली, की मुख्याध्यापक पहिला प्रश्न अंतराचा विचारतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. औंढा नागनाथ जवळ आहे, लोणार जवळ आहे, वेरूळही फार लांब नाही. ही सगळी सोडून रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका किल्ल्यावर कशासाठी जायचे? समुद्र पाहायला, असे उत्तर मुले देतील. ते खरेच आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण विद्यार्थी मित्रांनो, विजयदुर्गाला जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या परभणीच्याच डोक्यावरून गेलेले आहे. ते कसे, हे आज पाहू या.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः मुलांना घेऊन विजयदुर्गाला गेलो होतो. किल्ल्यात चढून गेल्यावर दगडी ओटे दाखवतात. त्यांना गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. मी ऐकले होते तेच मुलांना ऐटीत सांगितले : “१८ ऑगस्ट १८६८ या दिवशी लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हीलियम या मूलद्रव्याचा शोध लावला.” मुलांनी वहीत लिहून घेतले. एक नववीतली मुलगी मात्र लिहीत नव्हती. तिने विचारले, “सर, १८ ऑगस्ट म्हणजे श्रावण. श्रावणात कोकणात पाऊस नसतो का?”

मला उत्तर देता आले नाही. तुमच्यापैकी जे शेतकऱ्यांची मुले आहेत त्यांना हा प्रश्न किती नेमका आहे हे लगेच कळेल. पंचांगाच्या हिशोबाने १८६८ सालचा तो दिवस श्रावणातल्या अमावास्येचा, म्हणजे पोळ्याचा होता. (सूर्यग्रहण अमावास्येलाच होते हे तुम्हांला ठाऊक आहेच.) पोळ्याच्या दिवशी परभणीचे आभाळ कसे असते ते आठवा, आणि मग कोकण किनाऱ्याचे कसे असेल याची कल्पना करा. त्या दिवसांत किनाऱ्यावरची गलबते आणि आगबोटी बंद असत. सूर्य पाहण्यासाठी हजारो मैलांवरून नाजूक यंत्रे घेऊन येणारा माणूस ऑगस्टमध्ये विजयदुर्गाला येईल काय?

परत आल्यावर मी शोधाशोध केली. जे हाती लागले ते सांगतो.

दोन ग्रहणे, दोन साहेब

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण खरेच झाले, आणि चंद्राची सावली भारतावरून गेली. ती जवळजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकली. शाळेतला नकाशासंग्रह उघडा आणि विजयदुर्ग, जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण ही चार ठिकाणे शोधा. चारही ठिकाणे १६ ते १७ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, जवळजवळ एका आडव्या रेघेत सापडतील. तीच त्या सावलीची वाट. म्हणजे विजयदुर्गावर त्या दिवशी दिवसा अंधार झाला हे खोटे नाही. परंतु शास्त्रज्ञ बसले होते ते मुख्यतः पूर्वेकडे. फ्रान्सचा झान्सेन गुंटूरला होता. इंग्रजांची टेनंटची तुकडीही गुंटूरलाच होती. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करणारा लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. त्याला ढगांनी बराच त्रास दिला. सूर्य पूर्ण झाकलेला असताना ढगांच्या फटींतून जेवढे दिसले तेवढ्यावर त्याला भागवावे लागले.

आणि लॉकयर? तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. बत्तीस वर्षांचा हा गृहस्थ तेव्हा लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करीत असे आणि फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्याचा अभ्यास करी.

ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती सूर्याच्या तांबड्या ज्वाला दिसतात. त्यांना तेजशृंगे म्हणतात. १८६८ च्या ग्रहणात प्रथमच या तेजशृंगांकडे वर्णपटदर्शक लावण्यात आला आणि त्यांत चमकदार रेषा दिसल्या. चमकदार रेषा याचा अर्थ, ही शृंगे तापलेल्या विरळ वायूची आहेत. हायड्रोजनच्या रेषा तर ओळखू आल्याच. शिवाय एक पिवळी रेषाही होती. बहुतेकांनी ती सोडियमची मानली. झान्सेनला त्या रेषा इतक्या तेजस्वी वाटल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यंत्र लावले आणि खरेच दिसल्या. म्हणजे तेजशृंगे पाहण्यासाठी आता वर्षानुवर्षे ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

इकडे लॉकयरलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचलेली होती, पण त्याचे यंत्र वेळेवर तयार झाले नाही. ते ऑक्टोबरमध्ये हातात पडले आणि २० ऑक्टोबर १८६८ या दिवशी लंडनच्या आकाशात, ग्रहणाशिवाय, त्याला त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. विज्ञानाच्या इतिहासात पहिला कोण यावरून भांडणे पुष्कळ झाली आहेत. हे प्रकरण मात्र गोडीने मिटले.

आता ती पिवळी रेषा. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका. ज्योत पिवळी होते. वर्णपटदर्शकातून पाहिले तर तिथे अगदी जवळजवळच्या दोन रेषा असतात. त्यांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. या सोडियमच्या रेषा. सूर्याच्या ज्वालेतली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरला आहे. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या चार-पाच मिनिटांत, अंधारात, घाईगर्दीत हा फरक नक्की करणे अवघड होते. लंडनमध्ये घरी बसून रोज पाहणाऱ्या लॉकयरला तो करता आला. ही रेषा सोडियमची नाही, प्रयोगशाळेतल्या कोणत्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळत नाही, म्हणून सूर्यावर एक अनोळखी मूलद्रव्य असावे असे त्याचे मत झाले. ‘हेलिऑस’ या सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याचे नाव हीलियम पडले. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. १८९५ साली विल्यम रॅम्झीने क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून एक वायू मिळवला आणि त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा वाद संपला.

मग हीलियमचा जन्म कुठला? गुंटूरचा म्हणावा, लंडनचा म्हणावा, की रॅम्झीच्या प्रयोगशाळेतला? माझे मत असे, की रेषा भारतात दिसली, ती वेगळी आहे हे लंडनमध्ये ठरले आणि वायू हाती आला तो सत्तावीस वर्षांनी. एका जागेवर एकच पाटी लावता येईल अशी ही गोष्ट नाही.

तर मग ओटे कोणाचे?

येथवर ऐकून तुम्ही म्हणाल, सर, मग ओट्यांची गोष्ट थापच की! थांबा. थाप म्हणून सोडून देणे ही पण एक घाईच आहे. गावातल्या लोकांनी लॉकयर हे नाव हवेतून आणले नाही. लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आला होता. फक्त तीस वर्षांनी आला होता.

भारतात तो प्रथम आला १८७१ च्या डिसेंबरात, केरळातल्या बेकल किल्ल्यावर, दुसरे एक ग्रहण पाहायला. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो विजयदुर्गावर आला. तेव्हा तो साठी ओलांडलेला ‘सर’ नॉर्मन लॉकयर होता. त्याच्याबरोबर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर होते. मेल्पोमीन ही ब्रिटिश युद्धनौका तिचा कप्तान चिझम-बॅटन याच्यासह मदतीला होती. नौकेवरच्या खलाशांना शिकवून वेधाच्या कामाला लावले होते : कोणी सेकंद मोजायचे, कोणी किरीटाचे चित्र काढायचे, कोणी छायाचित्रांच्या काचा बदलायच्या. या तिघांच्या नावाचा विजयदुर्गाच्या वेधांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेला आहे.

जानेवारीतले कोकणचे निरभ्र आभाळ, शांत समुद्र, नांगर टाकायला बंदर आणि यंत्रांना आडोसा द्यायला किल्ल्याची तटबंदी. आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ना? ओट्यांची गोष्ट या मोहिमेशी बरोबर जुळते. पण १८९८ साली लॉकयर विजयदुर्गाला हीलियम शोधायला आला नव्हता. तो तीन वर्षांपूर्वीच रॅम्झीच्या काचनळीत आलेला होता. लॉकयरला हवी होती लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेली सूर्याच्या वातावरणाची आणि किरीटाची छायाचित्रे.

दोन्ही सावल्या एकाच किल्ल्यावरून गेल्या, दोन्हींच्या कथेत लॉकयर आहे, म्हणून लोकांच्या तोंडी दोन ग्रहणांचे एक ग्रहण झाले. असा घोटाळा कोणाच्याही आजोबांच्या आठवणीत होतो. तिथे १८ ऑगस्टला हीलियम दिवसही साजरा झालेला आहे. मला त्यात वाईट काही दिसत नाही. फक्त तिथे भाषण करणाऱ्याने तारखा सांभाळाव्यात.

रेघ ओढा, परभणी सापडेल

आता नकाशासंग्रह पुन्हा उघडा. १८९८ ची सावली आडवी नव्हती, तिरपी होती. जगभरातून आलेल्या मोहिमांचे तळ जिथे पडले होते ती ठिकाणे पेन्सिलीने दाखवा : विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, वर्धा जिल्ह्यातले पुलगाव, मध्य प्रदेशातले शहडोल, बिहारमधले बक्सर. आता पट्टी ठेवून विजयदुर्ग ते बक्सर रेघ ओढा. बाकीची ठिकाणे रेघेवर किंवा रेघेला अगदी खेटून येतात. पट्टी उचलू नका. रेघ मराठवाड्यातून कुठून जाते ते पाहा.

ती परभणी आणि जिंतूर यांच्या मधून जाते.

पूर्ण सावलीचा पट्टा सुमारे ९० किलोमीटर रुंद होता, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंना ४५-४५ किलोमीटर. नकाशाच्या प्रमाणाने या रुंदीच्या दोन समांतर रेघा काढा. परभणी शहर पट्ट्याच्या आत पडते. याचा अर्थ, पौष अमावास्या शके १८१९, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, दुपारच्या वेळी, आज तुमची शाळा जिथे उभी आहे तिथे मिनिट-दीड मिनिट तरी सूर्य पुरता झाकला गेला होता. तारे दिसले असतील, पाखरे घरट्यांकडे वळली असतील, जनावरे गोठ्याकडे निघाली असतील. विजयदुर्गावरून निघालेली ती सावली पाव तासाच्या आतबाहेर परभणीला पोचली असेल. आपल्या एस.टी.ला हेच अंतर उलटे कापायला पहाट ते रात्र लागते.

सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, गंगाखेड, पालम, सोनपेठ यांपैकी कोणती गावे पट्ट्यात येतात, कोणती काठावर, ते तुम्हीच मोजा. १८६८ ची आडवी सावली मात्र परभणीच्या बरीच दक्षिणेकडून गेली. इथे तेव्हा फक्त खंडग्रास ग्रहण होते.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? जेऊर आणि पुलगाव यांच्यामध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. सावली या सबंध पट्ट्यातून गेली, पण मोठ्या मोहिमांपैकी एकीचाही तळ इथे नव्हता. का बरे? जेऊर हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उतरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला हेही तिथेच होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते आणि त्यांनी आपल्या वेधांचा स्वतंत्र अहवाल छापला. पुलगाव आणि त्याच्या जवळचे तळणी ही भुसावळ–नागपूर मार्गावरची स्टेशने. शहडोल आणि बक्सर हीही स्टेशनेच. विजयदुर्गाला आगगाडी नव्हती, पण तिथे बोट लागत होती. आपला परभणीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि मनमाड–सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग परभणीवरून सुरू व्हायला १९०० च्या सुमारापर्यंत वेळ होता. खंडीभर वजनाची पितळ-काचेची यंत्रे बैलगाडीवर घालून इतक्या लांब आणायला कोण धजेल? आकाशातली सावली राज्यांच्या सीमा पाहत नाही. दुर्बिणी मात्र रुळांच्या मागे जातात. आणखी दोन वर्षे उशिरा हे ग्रहण झाले असते तर कदाचित परभणी स्टेशनाबाहेरच्या एखाद्या शेतात साहेबाचे ओटे दिसले असते!

इंग्रजी अमदानीचे स्थळ पाहायला जाताना त्या दिवसांकडे एकदा सगळ्या बाजूंनी पाहावे. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबई इलाख्यात प्लेग चालू होता. मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध करणारे लोकमान्य टिळक त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. ज्या सरकारच्या आरमाराने लॉकयरला मदत केली, त्याच सरकारने टिळकांना आत ठेवले होते. किरीटाची उत्तम छायाचित्रे आणि हा तुरुंग, दोन्ही एकाच जानेवारीतल्या गोष्टी आहेत. आणि ओट्यांना नाव साहेबाचे असले तरी दगड-चुना वाहणारे हात गावचेच असणार.

जे येऊ शकत नाहीत त्यांचे काम

आता सहलीच्या तयारीकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींनो, सहल डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवा. एक तर हवा चांगली असते. दुसरे म्हणजे २२ डिसेंबरच्या आगेमागे चार-पाच दिवस सूर्याची क्रांती जवळजवळ बदलत नाही. ती सुमारे २३.४ अंश दक्षिण असते. याचा आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे.

दर वर्गात काही मुले अशी असतात की ज्यांना सहलीची वर्गणी परवडत नाही, किंवा घरी कापूस वेचायला माणूस कमी असतो. एस.टी.ची गाडी शाळेला सवलतीत मिळाली तरी चार दिवसांचा जेवणखर्च राहतोच. सहलीच्या दिवशी ही मुले वर्गात नुसती बसून राहतात. मला हे फार लागते. पुढील प्रयोग त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही.

बरोबर एक मीटर उंचीच्या दोन सरळ काठ्या घ्या. एक परभणीला राहील, एक गाडीतून जाईल. काठीच्या टोकावर पत्र्याचा एक लहान चौकोन आडवा बसवा आणि त्याला मधोमध, काठीलगत, बारीक भोक पाडा. जमिनीपासून भोकाची उंची एक मीटर हवी. नुसत्या काठीच्या सावलीची कड पुसट पडते, कारण सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे. भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य मात्र नीट मोजता येतो. काठी ओळंब्याने उभी करा आणि खालची फळी पाणसळीने सपाट करा. किल्ल्यावर सपाट जागा मिळेल या भरवशावर राहू नका, फळी बरोबर न्या. सूर्याकडे सरळ पाहायचे नाही, हे पुन्हा सांगायला नको.

एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी दुपारी १२ ते १२ वाजून ५० मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी, आणि सावली आखूड होत आली की दर मिनिटाला, ठिपक्याची जागा टिंबाने दाखवा. घड्याळे आदल्या रात्री आकाशवाणीच्या वेळेशी लावून घ्या. सर्वांत आखूड सावली हाच तिथला खरा मध्यान्ह.

२२ डिसेंबरच्या सुमारास परभणीला तो १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास आणि विजयदुर्गाला १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास यायला हवा. चौदा मिनिटांचा हा फरक कशाचा? पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. चौदाला चारने भागा : साडेतीन अंश. विजयदुर्ग परभणीच्या एवढे अंश पश्चिमेला आहे. नकाशावर रेखांश पाहून ताळा घ्या.

आता सावलीची लांबी. परभणीला ती ९२ सेंटिमीटरांच्या आणि विजयदुर्गाला ८४ सेंटिमीटरांच्या जवळपास मिळेल. त्रिकोणमितीच्या कोष्टकातून ज्या कोनाची स्पर्शज्या ०.९२ आहे तो कोन काढा, तसाच ०.८४ चा. हे कोन म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्य किती कललेला आहे ते. त्यांतून २३.४ वजा केले की त्या त्या गावाचे अक्षांश मिळतात. आणि दोन कोनांतला फरक, सुमारे २.७ अंश, हा आपल्या दोन गावांमधल्या पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडलेला फरक आहे. नकाशाच्या प्रमाणाने परभणीच्या अक्षांशापासून विजयदुर्गाच्या अक्षांशापर्यंत सरळ दक्षिणेकडचे अंतर मोजा; ते सुमारे ३०० किलोमीटर भरते. २.७ अंशांना ३०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. ४०,००० किलोमीटर येतात. हा पृथ्वीचा परीघ. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटॉस्थेनीसने असाच काढला होता.

तुमचे उत्तर इतके गोल येणार नाही, आणि आले तर मला संशय येईल. सावलीत एक सेंटिमीटरची चूक झाली, की कोनात अंशाचा तिसरा हिस्सा चुकतो आणि परिघात पाच हजार किलोमीटरांचा फरक पडतो. म्हणून वहीत पहिल्यांदा कच्ची मापे लिहा, चुकली असतील तरी खोडू नका. उत्तर ४०,००० येते हे माहीत असल्यामुळे सावली ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. माझ्या वर्गात एकदा दोन्ही तुकड्यांची मापे इतकी सुंदर जुळली, की मी फळीवरची टिंबे पुन्हा मोजली. मापे जुळवून घेतलेली निघाली.

किल्ल्यावर

विजयदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. तटावर कठडा सगळीकडे नाही आणि दगडांवर शेवाळ असते. दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवा. चढताना, ओट्यांपाशी आणि उतरल्यावर अशी तीनदा मोजणी करा. पाण्यात उतरायचे नाही हे गाडीतच सांगून ठेवा, समुद्र दिसल्यावर कोणी ऐकत नाही. भिंतींवर नावे कोरायची नाहीत.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात पुरे : शिवाजी महाराजांच्या आरमाराचे ठाणे, पुढे आंग्र्यांचे बळकट केंद्र, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पुढे तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये कायमचा इंग्रजांकडे. इंग्रजांच्या जुन्या कागदांत त्याचे नाव ‘घेरिया’ असे येते.

ओट्यांपाशी मात्र घाई करू नका. मोजपट्टीने लांबी, रुंदी, उंची घ्या, होकायंत्राने दिशा घ्या, वहीत आराखडा काढा. ओट्याची कड उत्तर-दक्षिण आहे का? तिथून दक्षिणेचे आकाश मोकळे दिसते का? २२ जानेवारीला दुपारी सूर्य कुठे असेल, ते आदल्या दिवशीच्या सावल्यांवरून ठरवा आणि तिकडे तोंड करून उभे राहा. मगच स्थानिक माणसांना गोष्ट विचारा. ते सांगतील ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मध्ये तोडू नका. तारीख चुकीची असली तरी सगळ्यांसमोर “काका, हे खोटे आहे” असे कोणी म्हणायचे नाही. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका वृद्ध गृहस्थांना १८९८ ची हकीकत शांतपणे सांगितली. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे साहेब आला होता, हे तर खरं ना?” खरे आहे, असे मी म्हणालो. त्यांनी तारीख माझ्याकडून कागदावर लिहून घेतली.

परत आल्यावर एक काम उरते. २२ जानेवारी १८९८ ची आठवण परभणी जिल्ह्यात कुठे लिहिलेली सापडते का, ते शोधा. जुनी पंचांगे, देवळांतल्या किंवा वाड्यांतल्या वह्या, जमाखर्चाची बाडे, मोडीतली पत्रे. त्या अमावास्येच्या नोंदीत ‘दिवसा रात्र झाली’ अशा अर्थाचे एखादे वाक्य कोणाच्या तरी फडताळात असू शकेल. मोडी वाचणारे कोणी गावात असतील तर त्यांना भेटा. दर वर्षी असे लोक कमी होत आहेत. काही सापडले तर त्याची नक्कल, आणि तुमच्या दोन्ही काठ्यांची कच्ची मापे, मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मापांबरोबर शाळेत राहिलेल्या तुकडीचीही नावे लिहायला विसरू नका.